ठाणे–दिवा मार्गिका झाली, तरी लोकल का वाढत नाहीत?

डोंबिवलीहून रोज दादरला जाणाऱ्या एका प्रवाशाने तीन प्रश्न विचारले आहेत. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, तरी सकाळच्या गर्दीत फरक का पडला नाही? लोकल दोन मिनिटांना एक का सोडत नाहीत? आणि सगळ्या गाड्या १५ डब्यांच्या का करत नाहीत? उपनगरी गाड्यांचं वेळापत्रक आणि नव्या मार्गिकांचं नियोजन या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: गाड्या किती धावतील, हे रुळांच्या लांबीवर ठरत नाही. सगळ्या मार्गावर जी जागा सर्वांत आधी तुंबते, तिच्यावर ते ठरतं. आणि ती जागा बहुतेक वेळा फाटक, यार्ड किंवा शेवटच्या स्थानकाचा फलाट असते.

आधी ठाणे–दिवा. कुर्ला ते ठाणे पाचवी-सहावी मार्गिका एमयूटीपीच्या (मुंबईच्या उपनगरी रेल्वे सुधारणेच्या मोठ्या प्रकल्पाच्या) पहिल्या टप्प्यात झाली होती. दिवा ते कल्याण त्या आधीपासूनच होत्या. मधला ठाणे–दिवा तुकडा तेवढा राहिला होता, त्यामुळे दोन्हीकडे सहा रूळ आणि मध्ये चारच, असा प्रकार होता. २००८ मध्ये दुसऱ्या टप्प्यात मंजूर झालेलं हे काम फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झालं. सुमारे ६२० कोटी खर्च, १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे पूल, २१ लहान पूल. आता मेल-एक्सप्रेस जुन्या पारसिक बोगद्यातून जातात आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने नव्या रुळांवरून. तुम्ही रोज जाता, तुम्हाला हे माहीत आहेच.

काम उत्तम झालं. फायदाही झाला, पण तो वक्तशीरपणात झाला. पूर्वी एखादी लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की ती ठाण्याच्या अलीकडे फास्ट लोकलच्या मध्ये घुसायची आणि मागच्या चार-पाच लोकल लटकायच्या. ते कमी झालं. फेऱ्या मात्र फारशा वाढल्या नाहीत. तेव्हा ३६ नव्या फेऱ्या आल्या, त्यांतल्या बहुतेक एसी, आणि ऐन गर्दीच्या तासात तुमच्या वाट्याला त्यातलं थोडंच आलं. कारण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत अजून चारच मुख्य रूळ आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनसला जाणाऱ्या गाड्या कुर्ल्यालाच बाजूला होतात, पण दादर आणि सीएसएमटीच्या गाड्या पुढे फास्ट लोकलच्याच रुळावर येतात. एक मेल गाडी फास्ट मार्गावर आली की तिच्यापायी लोकलची एक, कधी दोन वेळा हातच्या जातात. नियोजनाच्या भाषेत याला ‘पाथ’ म्हणतात: वेळापत्रकात एका गाडीला धावायला ठेवलेली जागा. सकाळी आठ ते अकरा या वेळेत एकही पाथ फुकट घालवण्यासारखा नसतो.

कुर्ला–सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिकाही २००८ मध्येच मंजूर झाली आहे. ती दोन तुकड्यांत करायचं ठरलं, आधी कुर्ला–परळ, मग पुढे. त्यासाठी कुर्ल्याला हार्बरचे फलाट वर उचलावे लागतात, म्हणजे खाली जागा मोकळी होते. शीवचा शंभरी ओलांडलेला उड्डाणपूल पाडून लांब गाळ्याचा बांधावा लागतो, कारण जुन्याच्या खांबांमधून आणखी दोन रूळ जात नाहीत. तो पूल १ ऑगस्ट २०२४ पासून वाहनांना बंद झाला आणि शीव-धारावीच्या लोकांनी त्याची किंमत रोज मोजली. रेल्वेच्या नकाशावर दोन रेघा वाढवायच्या म्हणजे वरचे रस्ते, खालचे नाले, बाजूच्या चाळी, सगळ्यांना हात लावावा लागतो. परळच्या पुढे तर जागाच नाही. माझं मत विचाराल तर परळच्या दक्षिणेला जागेसाठी आणखी दहा वर्षं भांडण्यापेक्षा लांब पल्ल्याच्या जास्तीत जास्त गाड्या कुर्ला, पनवेल अशा ठिकाणीच संपवाव्यात. हे लोकांना आवडत नाही. पुण्याहून डेक्कन क्वीनने येणाऱ्याला सीएसएमटीलाच उतरायचं असतं, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण रोज ७५ लाखांच्या आसपास माणसं लोकलने जातात. पहिला हक्क त्यांचा.

आता दोन मिनिटांचा प्रश्न. तो मी चर्चगेटचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण तिथे हिशेब स्वच्छ दिसतो. चर्चगेटला चार फलाट आहेत. समजा दोन स्लोला, दोन फास्टला. फास्ट गाडी दर तीन मिनिटांनी येत असेल, तर प्रत्येक फलाटावर सहा मिनिटांनी एक गाडी आलीच पाहिजे. त्या सहा मिनिटांत आधीची गाडी क्रॉसओव्हरवरून (शेजारच्या रुळांना जोडणाऱ्या तुकड्यावरून) बाहेर पडायला आणि नवी गाडी हळूहळू आत यायला मिळून दोनेक मिनिटं जातात. उरली चार. त्यात माणसं उतरायची, चढायची, मोटरमन आणि गार्डने टोकं बदलायची, ब्रेकची चाचणी व्हायची. उतरलेला मोटरमन दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला तर वेळ जुळतच नाही, म्हणून पुढच्या टोकाला दुसरा माणूस आधीच उभा ठेवावा लागतो. आता हाच हिशेब दोन मिनिटांनी मांडा. फलाटाला चार मिनिटं मिळतात, आत-बाहेर जाण्यात दोन गेली, हाती दोन. पाच हजार माणसांची गाडी दोन मिनिटांत रिकामी करून भरायची. एके दिवशी जमेल. रोज, पावसाळ्यात, एक पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) नीट बसत नसताना नाही जमणार.

मेट्रो दोन मिनिटांवर येऊ शकते कारण तिथे सगळ्या गाड्या एकसारख्या, सगळ्या सगळीकडे थांबतात आणि मध्ये कोणतीही मेल नाही, मालगाडी नाही, फाटक नाही. शिवाय मेट्रोची शेवटची स्थानकं बांधतानाच गाडी परत फिरवायची सोय पलीकडे काढलेली असते. लोकलची शेवटची स्थानकं शंभर वर्षांपूर्वीच्या आणि त्याही आधीच्या गरजेने बांधली आहेत. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटरची पहिली गाडी गेली, तेव्हा तीन मिनिटांचा प्रश्न कोणाच्या डोक्यात नव्हता.

सिग्नलचं काय, असं लगेच विचारलं जातं. आजची पद्धत चार संकेतांच्या स्वयंचलित सिग्नलची आहे: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. रूळ ठरावीक तुकड्यांत विभागलेला असतो आणि पुढच्या तुकड्यात गाडी असेपर्यंत मागचीला थांबावं लागतं. एमयूटीपी ३ए मध्ये ज्या सीबीटीसीचा (रेडिओ संपर्कावर चालणाऱ्या सिग्नल यंत्रणेचा) प्रस्ताव आहे, आणि आता ‘कवच’शी (टक्कर टाळणाऱ्या रेल्वेच्या यंत्रणेशी) सांगड घालण्याची जी चर्चा चालते, तिचा गाभा असा की दोन गाड्यांमधलं अंतर तुकड्यांनी न मोजता प्रत्यक्ष वेगाने आणि जागेने मोजायचं. तीन मिनिटांवरून अडीचवर आलं तर तासाला २० ऐवजी २४ गाड्या. हे खरंच मोठं आहे. पण ज्या रुळावर सुसज्ज लोकलच्या मध्ये ती यंत्रणा नसलेलं इंजिन धावतं, तिथे हा फायदा त्या इंजिनापाशी येऊन थांबतो. म्हणून सिग्नल बदलण्याआधी वाहतूक वेगळी करा, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. हार्बरवर हे सर्वांत सोपं आहे, कारण तिथे मेल गाड्यांची लुडबुड जवळपास नाही. प्रयोग तिथूनच सुरू व्हायला हवा.

मध्य रेल्वेचं खरं दुखणं दिवा आणि कल्याण. दिव्याचं फाटक तुम्ही पाहिलं असेल. वाहनांसाठी फाटक उघडलं की सिग्नल लाल. फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि गर्दीत फाटकवाल्याला ते वेळेत बंद करता येत नाही, कारण रिक्षा, टेम्पो, दुचाक्या एकामागे एक घुसतच राहतात. फाटक तीन मिनिटं लांबलं तर गेला एक पाथ, स्लोवरही आणि फास्टवरही. नव्या मार्गिकेमुळे फाटकातल्या माणसाला ओलांडायचे रूळ वाढले, म्हणजे धोकाही वाढला. रस्त्याचा एक पूल आणि त्याचे दोन जोडरस्ते एवढ्याने हे सुटतं. कोट्यवधींच्या यादीत हा पूल कुठेतरी तळाला असतो, कारण त्याच्या उद्घाटनाचा फोटो चांगला येत नाही.

कल्याणला नाशिककडची आणि पुण्याकडची लाईन फुटते. लोकल, मेल, मालगाड्या सगळ्या एकाच यार्डातून. एका रुळावरून पलीकडच्या रुळावर जाणारी गाडी मधले सगळे रूळ तेवढा वेळ अडवते, आणि २४ डब्यांची एक्सप्रेस कल्याणसारख्या यार्डात कमी वेगाने सरकताना तो वेळ थोडाथोडका नसतो. कल्याण यार्डाच्या फेररचनेत लांब पल्ल्याच्या गाड्यांना माल यार्डाच्या जागेवर वेगळे फलाट द्यायचे आणि लोकलला तिच्या रुळांवर मोकळं सोडायचं, असं ठरलं आहे. कल्याणच्या पुढे तर कर्जत आणि कसारा या दोन्ही बाजूंना मूळचे दोनच रूळ. त्यांच्यावर लोकल, मेल आणि मालगाड्या एकत्र, आणि टोकाला घाट. कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, आसनगावकडची तिसरी आणि चौथी, या सगळ्यांची कामं वेगवेगळ्या टप्प्यांत आहेत. बदलापूर, टिटवाळा इथे गेल्या वीस वर्षांत जी घरं उभी राहिली, त्यांना परवानगी देताना कोणी रेल्वेला विचारलं नव्हतं. डोंबिवलीला गाडी भरून येते, याचं कारण तिथे आहे.

आता १५ डबे. हा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण याचं उत्तर ‘करायलाच हवं’ असं आहे. तासाला २० गाड्या १२ डब्यांच्या. त्या सगळ्या १५ डब्यांच्या केल्या तर तेवढ्याच पाथमध्ये पाच जादा गाड्यांइतकी माणसं जातात. वर जादा मोटरमन लागत नाही, जादा पाथ लागत नाही, शेवटच्या स्थानकाचा हिशेब फारसा बिघडत नाही. हार्बरवर हे करून दाखवलेलं आहे. २०१६ पर्यंत तिथे नऊ डब्यांच्या गाड्या होत्या. सीएसएमटीला फलाट क्रमांक एक आणि दोनसाठी त्या वर्षी फेब्रुवारीत ७२ तासांचा ब्लॉक (कामासाठी गाड्या बंद) घेतला, फलाट लांबवले, मग गाड्या १२ डब्यांच्या झाल्या. फेऱ्या त्याच, जागा तिसऱ्या हिश्श्याने जास्त. मुंबईच्या रेल्वेत एवढ्या खर्चात एवढा फायदा क्वचित मिळाला असेल.

मग अडतं कुठे? १५ डब्यांची गाडी तीनशे मीटरच्या वर जाते. फलाट वाढवायचा म्हटलं की एका टोकाला पॉइंट असतात आणि दुसऱ्या टोकाला रस्त्याचा पूल किंवा नाला. पॉइंट हलवले की सिग्नल हलतात, सिग्नल हलले की इंटरलॉकिंगची (सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेची) चाचणी नव्याने, आणि ती चालू गाड्यांत होत नाही, ब्लॉक लागतो. स्थानकाला वळण असेल तर गार्डला शेवटचा डबा दिसत नाही. मुक्कामाच्या स्टेबलिंग लाईन आणि कारशेडमधल्या तपासणीच्या पिटलाईन १२ डब्यांच्या मापाने बांधलेल्या असतात. कुर्ला, कळवा, सानपाडा, कुठेही जा, तीन डबे बाहेर राहणार. पश्चिम रेल्वेने २००९ मध्ये १५ डब्यांची गाडी आणली, मध्य रेल्वेने २०१२ मध्ये. पुढे पश्चिम रेल्वेने अंधेरी ते विरार स्लो मार्गावरचे फलाट लांबवून जून २०२१ पासून तिथे स्लो गाड्याही १५ डब्यांच्या सोडल्या. अंधेरीच्या दक्षिणेला स्लोवर मात्र नाही. मध्य रेल्वेवर या गाड्या मुख्यतः सीएसएमटी–कल्याण फास्ट मार्गावर राहिल्या, आणि कल्याणच्या पुढचे फलाट लांबवण्याचं काम उशिरा हाती घेतलं. ठाण्याला मे-जून २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन फलाट पाच रुंद केला, त्याच दिवसांत सीएसएमटीला २४ डब्यांसाठी फलाट १० आणि ११ ची कामं झाली. लोकांनी शिव्या घातल्या, पण ठाण्याच्या त्या फलाटावर आता चालता येतं. अशी कामं ब्लॉकशिवाय होत नाहीत, आणि रविवारच्या चार-पाच तासांच्या मेगाब्लॉकमध्ये ती वर्षानुवर्षं रेंगाळतात. मोठा ब्लॉक घ्या, महिनाभर आधी सांगा, जादा बस सोडा आणि एकदाचं करून मोकळे व्हा, या मताचा मी आहे.

एसी लोकलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हल्ली प्रत्येक आधुनिकीकरणाच्या चर्चेत तीच पुढे येते. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्याने उतरलं आणि गर्दी वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरला लोकांनी विरोध केला, काही एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्यांचा राग समजण्यासारखा होता. साध्या गाडीच्या जागी एसी आणली की साध्या पासवाल्यासाठी ती वेळ रिकामीच जाते. त्याची पुढची गाडी दुप्पट भरून येते. जादा पाथ तयार होईपर्यंत एसी गाडी ही कोणाची तरी साधी गाडी काढूनच येणार, हे स्पष्ट सांगायला हवं. एमयूटीपी ३ आणि ३ए मिळून २३८ एसी रेक (डब्यांचे पूर्ण संच) येणार आहेत. त्या येतील तेव्हा भाड्याचा प्रश्न आधी सुटलेला असला पाहिजे. सगळ्या गाड्या एसी आणि सगळ्यांना परवडणारा एकच पास, याशिवाय हे जमणार नाही.

दारांचा मुद्दा वेगळा, आणि तो टाळता येणार नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचे जीव गेले. त्यानंतर बिगर-एसी गाड्यांनाही स्वयंचलित दारं लावायची, दारांना हवेसाठी झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा आणि डबे आतून जोडलेले, असा आराखडा जाहीर झाला. मला हे पटतं, पण त्याची किंमतही सांगतो. दारं पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडी निघत नाही. आज दादरला गाडी वीस-तीस सेकंदांत सुटते कारण अर्धी माणसं पायरीवर असतानाच ती हलते. दारं आली की त्या थांब्याला दहा-पंधरा सेकंद जास्त जाणार, आणि तीन मिनिटांच्या वेळापत्रकात दहा सेकंद म्हणजे चैन. त्यामुळे दारांसोबत फलाट रुंद व्हायला हवेत, जिने वाढायला हवेत, चढणारे-उतरणारे वेगळे व्हायला हवेत. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ जण गेले, तेव्हा गाडी रुळावरून घसरली नव्हती की सिग्नल चुकला नव्हता. जिना अरुंद होता.

झालेल्या कामांपैकी एकाचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून जाता जाता सांगतो. १९२५ पासून मुंबईत १५०० व्होल्ट डीसी (एकदिश) वीज होती. तिच्यावर जड, लांब, वेगवान गाड्या एकामागे एक चालवणं अवघड होतं. ती २५ हजार व्होल्ट एसीवर (प्रत्यावर्ती विजेवर) आणायची, तीही सेवा बंद न करता, दोन्ही विजांवर चालणारे रेक बनवून. पश्चिम रेल्वेवर फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये, हार्बरवर २०१६ मध्ये ते पूर्ण झालं. एकेका रात्रीच्या ब्लॉकमध्ये. जानेवारी २०१६ मध्ये पाडलेला हँकॉक पूल आठवत असेल, तोही याच भानगडीतला. नव्या तारांसाठी त्याची उंची कमी पडत होती. या बदलाशिवाय आजच्या नव्या गाड्याही नाहीत आणि १५ डब्यांचा विस्तारही नाही.

शेवटची अडचण जागेची, आणि जागेवर राहणाऱ्या माणसांची. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांमुळे लाखाच्या आसपास माणसं हलवली गेली, बरीचशी मानखुर्दसारख्या ठिकाणी. आधी घर, मग पाडकाम, अशी जागतिक बँकेची अट होती. नवी घरं चांगली नव्हती, पण अट होती म्हणून रूळ मोकळे झाले. ऐरोली–कळवा उन्नत जोडमार्ग डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यावरचं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याकडचा दुवा तिथल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी अडकला. तो झाला असता तर कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्याला ठाण्याच्या फलाटावर उतरून गाडी बदलावी लागली नसती, आणि ठाण्याचा भार हलका झाला असता. घरांचा प्रश्न सोडवायचं काम एका यंत्रणेचं, जागा दुसऱ्याची, पैसा अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. मी बैठकांमध्ये पाहिलंय, रेल्वेचे अभियंते पुलाचा आराखडा महिन्यांत देतात आणि एका चाळीचा निर्णय वर्षांत होत नाही.

तुमच्यासारख्या डोंबिवलीकराला पुढच्या दोन-तीन वर्षांत फरक कशाने पडेल? एसी रेकने नाही, निदान आधी नाही. दिव्याचं फाटक कायमचं बंद झालं आणि कल्याणचं यार्ड वेगळं झालं, तर आजच्याच फेऱ्या वेळेवर येतील. वेळेवर आलेली गाडी कमी भरलेली असते, कारण तिने मागच्या गाडीची माणसं उचललेली नसतात. त्यानंतर कल्याण ते सीएसएमटी फास्टवरच्या सगळ्या गाड्या १५ डब्यांच्या. कुर्ला–परळची वाट पाहू नका, त्याला वेळ लागेल. खासदारांच्या कार्यालयात निवेदन द्यायचं असेल तर नव्या फेऱ्या मागू नका. दिव्याच्या पुलाच्या दोन्ही बाजूंच्या जोडरस्त्यांची तारीख मागा, लेखी.